रकाना सात

पर्वरीत रात्रीचे साडेनऊ
म्हणजे टोरांटोत भर दुपारचे बारा.
खिडकीबाहेर मांडवी, तिच्यात कॅसिनोंचे दिवे,
पडद्यावर आजचे चारशे सोळा अर्ज.
साडेतीनशे मशीनने आधीच गाळलेत,
उरलेले मी गाळायचे.
माझ्या हुद्द्यात ‘मानव’ हा शब्द आहे
आणि ‘संसाधन’ हाही.
आमच्या गावात खनिजालाही
संसाधनच म्हणायचे.

मी कॅनडा पाहिलेला नाही.
पण तिथले पिनकोड पाठ आहेत,
प्रांतागणिक किमान वेतन पाठ आहे,
विनिपेगला रात्री गाड्या विजेला जोडून ठेवतात
हे मला ठाऊक आहे,
फोनसारख्या,
नाहीतर सकाळी इंजिन गोठलेलं.

मागच्या वर्षीच्या बैठकीत: माणसं मिळत नाहीत.
यंदाच्या बैठकीत: माणसं फार झाली.
आलेख तोच, रंग तेच,
बाण तेवढा उलटा केलेला.
आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून:
तीस जागा जाहिरातीत राहू द्या.
भरायच्या नाहीत.
कंपनी वाढतेय असं दिसलं पाहिजे.

अर्ज दोनशे अकरा.
रोहिदास सोनू गावस, मुक्काम पाळी.
डंपर चालक, अल्बर्टा.

मी खुर्ची जरा मागे घेतली.

अनुभव सतरा वर्षं: टिपर, दहा टनी, खाण ते जेटी.
नंतर खाण बंद. नंतर थोडी वाळू.
नंतर एका रिसॉर्टची पाहुणे आणायची गाडी.
छंद: पखवाज.
इंग्रजी नीट आहे, मुलीने टाइप केलं असणार.

शाळा सुटायची तेव्हा
लाल टिपरांची रांग मैलभर,
आणि हा माणूस आपला टिपर आडवा घालून
मागच्यांच्या शिव्या खात
आम्हाला रस्ता ओलांडू द्यायचा.
आई गणवेश तीन पाण्यांतून काढायची,
तरी पांढरा व्हायचा नाही.

हे कुठे भरायचं?
रकाना पाच: परवाना. आहे.
रकाना सहा: बर्फातलं वाहन चालवणं. नाही.
रकाना सात: कॅनेडियन अनुभव, वर्षांत.
शून्य.
मशीनचे गुण एकतीस.
चाळिसाच्या खालचं नाव
राखाडी होत जातं, अगदी हळू,
जणू कुणाला दुखू नये.

मला शेरा लिहायचा अधिकार आहे.
मी लिहिलाही: ‘अवघड रस्त्यांचा प्रदीर्घ अनुभव.’
मग जागेचा क्रमांक पाहिला.
त्या तिसांतलीच.

पुढे पाठवला तर वाट पाहील.
नाकारला तर पत्र जाईल, तयार आहे,
‘आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा’,
खाली सही कुणाचीच नाही.
पहाटे साडेचारपर्यंत
मी बाकीचे पासष्ट निकाली काढले.
तो तसाच राहिला, ‘प्रलंबित’.

सकाळी नाक्यावर पातळभाजी-पाव.
रोहिदासदादा बाकावर सरकला, जागा केली.
‘बाये, कॅनडाला भरला हां अर्ज.
मेल येईल म्हणतात.’
म्हटलं, ‘थंडी फार असते तिकडे.’
‘लाल धूळ सतरा वर्षं खाल्ली,’ तो म्हणाला,
‘आता पांढरी खाऊ.’
आणि हसला. दोन दात नव्हते.
अर्जावरच्या फोटोत
तोंड मिटलेलं होतं.

चहा बशीत ओतून त्याने विचारलं,
‘हे निवडणारे कोण असतात गे?
गोरा साहेब?’

पावाचा तुकडा भाजीत बुडाला होता,
तो बोटांनी काढत मी म्हटलं,
बाईही असते कधी.
रात्रपाळीची.

‘मग बरं,’ तो म्हणाला.